सहाशे बावीस भागिले आठ

शिडी नेमकी दारातच लावलेली होती, आणि तिच्या दोन्ही हातांत बाद झालेल्या हार्ड डिस्कचं जड खोकं.

"अहो, वर कोण आहे? वाट द्या की!"

छतातल्या भोकातून आधी दोन पाय हलले, मग धुळीनं माखलेलं डोकं खाली आलं. "थांबा मॅडम. हातात फायबर आहे... केसाएवढी असते हो. तुटली तर तुम्हीच रडाल."

"मी का रडू?"

"तुमचा सगळा माल याच वाटेनं जाणार ना?"

तिला हसू आलं. त्या रुग्णालयात हसू येणं म्हणजे नवलच. तिथे घशाचा कॅन्सर झालेली माणसं यायची, आणि बरीचशी आवाज इथेच ठेवून जायची. ऑपरेशनआधी प्रत्येकाला कॅमेऱ्यासमोर बसवून बोलतं करत. घरच्यांसाठी काहीतरी मागे उरावं म्हणून. ते आवाज आणि हजारो रुग्णांचे स्कॅन ज्या जुन्या स्टोरेजवर होते, ते ती सांभाळायची. शहराच्या दुसऱ्या टोकाच्या नव्या इमारतीपर्यंत फायबरची लाइन टाकायला तो आला होता.

मग रोजच काही ना काही निघायचं. "तुमची टाकी केवढीही असू दे," तो म्हणायचा, "नळ माझा आहे." ती म्हणायची, "नळाला टाकीशिवाय कोण विचारतं?" तो मान खाली घालून हसायचा... पण वॉर्डसमोरून जाताना गप्प व्हायचा. तिथे माणसं बोलत नसत, खाटेच्या दांड्यावर टिचकी मारून नर्सला बोलवत. ती टिचकी ऐकली की त्याचे हात थांबायचे. का, हे तिनं विचारलं नाही.

आणि एका सकाळी स्टोरेजमधल्या दोन डिस्क एकापाठोपाठ गेल्या. तिसरी गेली की सगळंच संपणार होतं. तेवढं मावेल असं इमारतीत दुसरं काहीच नव्हतं.

"लाइन केवढ्याची?" तिनं धावत येऊन विचारलं.

"सहाशे बावीस."

दहा टेराबाइट माल, सेकंदाला सहाशे बावीस मेगाबाइट. तिनं मनात हिशेब केला आणि मोठ्या डॉक्टरबाईंना सांगून टाकलं, "संध्याकाळच्या आत हलवते."

कॉपी सुरू झाली. आकडा सत्तरवर गेला आणि तिथेच बसला. ती तणतणत बाहेर आली. "तुमची लाइन झोपलीय!"

"झोपलीय? भरभरून वाहतेय, बघा!"

त्याच्या हातातल्या मीटरवरचं माप तिनं वाचलं, आणि चूक तिच्या लक्षात आली. नळ मोजतात बिटांत, टाकी मोजतात बाइटांत. आठ बिटांचा एक बाइट. सहाशे बावीस भागिले आठ... सत्त्याहत्तर. त्यातूनही थोडं वाटखर्चात गळतं. पहिल्या वर्षाला शिकलेली गोष्ट, आणि घाईत तिनं आकडा ऐकला तो आपल्याच मापात! चार-पाच तासांचं काम दीड दिवसावर गेलं होतं. तेवढा वेळ त्या डिस्कना नव्हता.

ती डॉक्टरबाईंना सगळं सांगायला गेली. तोच पुढे झाला. "बिट की बाइट, हे मी सांगायला हवं होतं."

"चूक कुणाची ते मागाहून," डॉक्टरबाई म्हणाल्या. "आज जे खाटेवर आहेत, त्यांचे स्कॅन आधी. आवाज... उरला वेळ तर."

बाहेर आल्यावर त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"कोण आहे त्या आवाजांत?" तिनं हळूच विचारलं.

"आई." तो भिंतीकडे बघत होता. "ऑपरेशननंतर दोन वर्षं होती. हातवाऱ्यांनी रागवायची. ते रेकॉर्डिंग मी एकदाही ऐकलं नाही... धीरच झाला नाही."

"अर्ध्या मिनिटाचं काम आहे. पेन ड्राइव्हवर काढून देते."

"आणि त्या अर्ध्या मिनिटात डिस्क बसली तर?" त्यानं वॉर्डाकडे हात केला. "आत पडलेत त्यांचं आधी. आई असती तर तिनंच माझा कान धरला असता."

तिनं हट्ट केला नाही. पुढचे सगळे तास ती आकड्यासमोर बसून राहिली आणि तो तारेच्या दर जोडाशी जाऊन येत राहिला. मधेच येऊन चहाचा कप तिच्यापुढे सरकवायचा, बोटं क्षणभर बोटांना लागायची, आणि तो निघून जायचा.

दुसऱ्या दिवशी दुपार कलताना शेवटचा स्कॅन पलीकडे पोचला. तिनं आवाजांची कॉपी सुरू केली. एकही पोचला नाही. आत किर्र असा आवाज झाला, आणि पडद्यावरचा आकडा शून्य झाला.

तो जिन्यात बसला होता. ती शेजारी जाऊन बसली. काय सांगायचं ते तिच्या चेहऱ्यावरच होतं.

"तुम्ही रडू नका," तो म्हणाला. "मला आठवतो तिचा आवाज. पण पुसट होत जातो हो... रोज थोडा."

"कशी हाक मारायची?"

"नको. हसाल."

"नाही हसणार."

त्यानं घसा खाकरला. मग त्या रिकाम्या जिन्यात धुळीनं माखलेला तो उंच माणूस बारीक आवाज काढून म्हणाला, "बबड्याऽऽ... ए बबड्या, जेवलास का रे?"

ती हसली नाही. डोळे पुसून म्हणाली, "आमच्या कामात एक नियम आहे. मोलाची गोष्ट एकाच ठिकाणी ठेवायची नाही. मला शिकवा ती हाक."

"एका दिवसात नाही यायची."

"मग रोज शिकवा."

"त्यासाठी रोज भेटावं लागेल..."

"मग भेट ना!" ती म्हणून गेली. आपण 'तू' म्हणालो हे तिच्या मागाहून लक्षात आलं.

"बबड्या..." तिनं म्हणून पाहिलं.

"नाही. शेवटाला सूर वर जायचा."

"बबड्याऽऽ... ए बबड्या?"

त्यानं डोळे मिटून घेतले. मग म्हणाला, "ओ."