गडग्यापलीकडचा माणूस

मे महिन्याच्या अखेरीस अमेरिकेत सैनिकांच्या थडग्यांवर छोटे झेंडे लावतात. थेचर घराण्यात हे काम इतकी वर्षं शैलजाच्या सासूबाई करत आल्या होत्या. मॅसॅच्युसेट्सच्या पश्चिमेकडच्या डोंगरांत, गावापासून आडबाजूला त्यांचं जुनं लाकडी घर होतं. घरामागे कुरण, कुरणाच्या टोकाला नुसते दगड रचून केलेला कमरेइतका गडगा, आणि गडग्याच्या आत घराण्याची दफनभूमी. तिथला सगळ्यांत जुना दगड जोसाया थेचरचा. अमेरिका इंग्रजांशी लढून स्वतंत्र झाली, त्या लढाईतला हा शिपाई. आणि सगळ्यांत नवा दगड शैलजाच्या नवऱ्याचा, एल्डनचा.

या वर्षी सासूबाईंचं हृदय थकलं होतं. पायांवर सूज, दोन पावलं चाललं की धाप. त्यांचा फोन आला आणि शैलजा कॅलिफोर्नियातल्या सनीव्हेलहून सुट्टी टाकून आली, सात वर्षांच्या नैनाला घेऊन. एल्डन गेल्यानंतर ती इथे फारशी आलीच नव्हती. येणं तिला जमत नव्हतं.

"झेंडा जोसायाला," सासूबाई म्हणाल्या. त्यांचं अंथरूण आता खालच्या खोलीत, खिडकीशी आणलं होतं. "एल्डनला फुलं. आणि धुकं चढायच्या आत परत ये."

दुपार होती. ऊन होतं, पण अंगाला लागत नव्हतं. कुरणातून जाताना नैना पुढे पळत होती, झेंडा हातात धरून. शैलजा मागून सावकाश गेली. एल्डनच्या दगडापाशी गुडघे टेकून बसली आणि वाळलेली पानं बाजूला सारता सारता तिचं भान हरपलं. रडायचं नाही असं ठरवून आली होती. दगड थंडगार होता. त्याच्या नावावर बोट फिरवताना तिला सांता क्लाराचं ते छोटं भाड्याचं घर आठवलं. तिथे तो पोहे करायला शिकला होता आणि दर वेळी कांदा जाळायचा.

मान वर केली तेव्हा दरीतून धुकं वर आलं होतं. पलीकडची मेपलची झाडं गेली होती. फक्त त्यांच्या पानांवरून पाणी टपटपत असल्याचा आवाज येत होता. आणि वास. आधी तिला वाटलं, कोणी लोणचं घालतंय. व्हिनेगरचा आंबट, नाकात शिरणारा वास, आणि त्याच्या मागे कापूस जळाल्यासारखा धूर.

"नैना?"

नैना गडग्यापाशी उभी होती, शैलजाकडे पाठ करून. तिने उजवा हात वर केला होता. तळवा समोर. रस्त्यात गाड्या थांबवणारा पोलीस करतो तसा.

"काय करतेस गं?"

"ही इज डूइंग इट," नैना मागे न वळता म्हणाली. "सो आय डिड इट बॅक."

"कोण?"

"द मॅन." मग तिने हात खाली घेतला. "ही सेज, स्टे देअर... डोन्ट कम क्लोज."

शैलजाने गडग्यापलीकडे पाहिलं. धुकं होतं. दुसरं काही नव्हतं. तिने नैनाचा हात धरला आणि झेंडा कसाबसा जोसायाच्या दगडाशी खोचून ती चालू लागली. घराच्या पायऱ्या येईपर्यंत तिने मागे पाहिलं नाही.

सासूबाईंना सांगायचं नाही असं तिने ठरवलं होतं. पण तिने चहाचा कप पुढे केला तेव्हा त्यांनीच विचारलं, "तुला दिसला?"

शैलजाने दाराकडे पाहिलं. बाजूच्या खोलीत नैना कार्टून लावून बसली होती.

"नैनाला," ती शेवटी म्हणाली.

सासूबाई एकदम उठून बसू लागल्या. "हात वर होता त्याचा? नीट आठव. वर होता ना?"

"हो. ती म्हणते, जवळ येऊ नकोस म्हणाला."

त्या पुन्हा उशीवर टेकल्या. डोळे मिटून बराच वेळ नुसत्या श्वास घेत राहिल्या. "मग बरं आहे," त्या म्हणाल्या. "पोरीला भीती नाही."

आणि मग, मध्ये मध्ये धाप लागत, थांबत थांबत, त्यांनी जोसायाची हकीकत सांगितली.

जोसाया नांगरणीच्या दिवसांत सैन्यात गेला. मागे बायको मर्सी आणि तीन मुलं. धाकटी तर त्याच्या मागे जन्मली. सैन्यात देवीची साथ होती, म्हणून सगळ्या शिपायांना देवी टोचल्या. त्या काळची टोचणी म्हणजे खऱ्या देवीचीच लस. अंगावर थोड्या पुळ्या यायच्या, ताप यायचा, आणि बरं होईपर्यंत माणसाला वेगळं ठेवायचे. पुरता बरा झाल्याशिवाय घरी जायचं नाही, असं बजावलेलं होतं. पण जोसायाने वर्षभर घर पाहिलं नव्हतं. खपल्या पडायच्या आतच, कोणाला न सांगता तो निघाला. डोंगर चालत पार केले.

"मुलांनी त्याला कुरणातून येताना पाहिलं," सासूबाई म्हणाल्या. "धावत गेली. धाकटीला त्याने पहिल्यांदाच पाहिलं. उचलून घेतलं. छातीशी धरलं, घरापर्यंत आणलं. बाप दुसरं काय करणार?"

काही दिवसांनी धाकटीला ताप भरला. मग मधलीला. मग मर्सीला. देवी आल्या. शेजारी फिरकले नाहीत. जोसायाने एकट्याने त्यांची अंथरुणं जाळली, घर व्हिनेगरने धुतलं, आणि एकट्याने खड्डे खणले. गडग्याच्या आत नाही. देवीने गेलेल्यांना तिथे जागा देत नसत. रानात, कुठेतरी. ती जागा आज कोणालाच माहीत नाही.

"थोरला मुलगा तेवढा वाचला. तो मामाकडे होता. हे सगळं घराणं त्या मुलाचं." सासूबाईंनी चहा तसाच ठेवला. "जोसाया पुढे म्हातारा होऊन मेला. पण त्या मुलाला त्याने पुन्हा कधी हात लावला नाही. स्वतः गोठ्यात राहायचा. मुलगा आला की गडग्यापलीकडे उभा राहायचा आणि हात वर करायचा. तिथेच थांब. लग्न झालं, नातवंडं झाली, तरी तेच. माझ्यातलं अजून गेलं नाही म्हणायचा. मुलगा गडग्याच्या अलीकडून बोलायचा, बाप पलीकडून. अख्खा जन्म असा काढला दोघांनी."

शैलजाला आईच्या दंडावरचा वण आठवला. लहानपणी ती त्यावर बोट ठेवून विचारायची, हे काय, आणि आई म्हणायची, देवीचा आहे. तेव्हा तिला ते काहीतरी शुभ वाटायचं.

"अजूनही तो तसाच करतो," सासूबाई म्हणाल्या. "घरातली मुलं त्याला बघतात. एल्डनने लहानपणी किती वेळा पाहिला. आपल्या माणसांना तो जवळ येऊ देत नाही. फक्त..."

त्यांची नजर खिडकीकडे गेली.

"फक्त काय?"

"ज्यांना आता काही होणार नाही, त्यांच्या तो जवळ येतो. म्हणजे... ज्यांचं व्हायचं ते ठरलेलंच आहे. त्यांना आपल्यामुळे अपाय होणार नाही, हे त्याला कळतं."

खिडकीबाहेर धुकं काचेला टेकलं होतं. शैलजाच्या मनात काहीतरी हळूहळू जुळत गेलं. आजाराचं निदान व्हायच्या आधीच्या पानगळीत एल्डन एकटाच इथे आला होता, छप्पर दुरुस्त करायला. परत आला तो गप्प होता. विमानतळावर त्याने नैनाला उचललं आणि घर येईपर्यंत खाली ठेवलं नव्हतं.

"एल्डनच्या जवळ आला होता?" तिने विचारलं.

सासूबाईंनी होकारार्थी मान हलवली. "पायऱ्यांपर्यंत. एल्डन म्हणाला, मॉम, आज जोसायाने हात खाली घेतला. माझ्या खांद्यावर ठेवला."

"तुम्हाला माहीत होतं." शैलजाचा आवाज चढला नाही, उलट बसला. "पानगळीत माहीत होतं. आम्हाला फेब्रुवारीत कळलं. तुम्ही एक फोन करायचा होता. डॉक्टरकडे ने म्हणायचं होतं मला."

"काय सांगून नेलं असतंस?"

"काहीही! काहीही सांगितलं असतं..."

बाजूच्या खोलीत नैना कशाला तरी हसली. सासूबाईंनी हात पुढे केला. शैलजाने तो धरला नाही. पुढे तिला त्याचंच फार वाईट वाटत राहिलं.

"मला वाटलं, न बोलल्याने टळेल," म्हातारी म्हणाली. तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ती ते पुसत नव्हती. "आई होते मी त्याची, शैलजा."

थोड्या वेळाने त्यांनी शैलजाकडे न बघता सांगितलं, "काल तो इथे आत आला होता. पलंगावर बसला."

दुसऱ्या दिवशी सकाळी शैलजा स्वयंपाकघरात रवा भाजत होती. सासूबाईंना शिरा आवडायचा. लग्नानंतर तिने पहिल्यांदा केला तोच पदार्थ. कालचं बोलणं मिटवायचं कसं, ते तिला शब्दांत जमणार नव्हतं, म्हणून तिने कढई ठेवली होती. तेवढ्यात खालच्या खोलीतून सासूबाईंचा आवाज आला. कोणाशी तरी बोलत होत्या, हलक्या, समजूत घालणाऱ्या सुरात. झोपेतून दचकून उठलेल्या मुलाशी बोलावं तसं. "हो, हो... आता काही नाही... धर तू."

गॅस बंद करून ती गेली, तोवर आवाज थांबला होता.

खोलीत व्हिनेगरचा वास होता. खिडकी बंद होती. सासूबाईंचा चेहरा इतका निवांत तिने कधी पाहिला नव्हता. गोधडीवर, त्यांच्या शेजारी, माणूस बसून उठल्यावर पडतो तसा खळगा होता. तिच्या डोळ्यांदेखत तो हळूहळू भरून आला. सासूबाईंचा डावा हात गोधडीवर उताणा होता आणि बोटं अर्धवट मिटलेली, आत कोणाचा तरी हात असावा अशी.

शैलजाने तो हात आपल्या हातात घेतला. काल घ्यायला हवा होता.

दफनाला गावातली थोडी माणसं आली. पाद्री बोलला, शेजाऱ्यांनी माती लोटली, एकेक गाडी निघून गेली. आता या घराण्यातली उरली फक्त नैना. शैलजा तिला घेऊन एल्डनच्या दगडापाशी थोडी थांबली. संध्याकाळ व्हायला वेळ होता, पण कुरणावर पुन्हा धुकं उतरत होतं आणि पाखरं एकाएकी गप्प झाली होती.

नैनाने हात वर केला.

या वेळी शैलजालाही तो दिसला.

गडग्यापलीकडे, फार लांब नाही. उंच, वाकलेला म्हातारा. अंगातला कोट मातीच्या रंगाचा. चेहरा नीट दिसत नव्हता, पण वर केलेला हात दिसत होता. तळवा रुंद, खणून खणून राठ झालेला. थांब. तिथेच थांब. त्यात दरारा नव्हता, विनवणी होती. शैलजाला भीती वाटायच्या आधी त्याची दया आली.

ती पुढे झाली आणि नैनाला तिने पाठीशी घेतलं.

म्हाताऱ्याची नजर नैनावरून तिच्यावर आली. आणि त्याचा हात खाली यायला लागला. अगदी सावकाश. दुखणाऱ्या सांध्याचा माणूस ओझं उतरवतो तसा. हात खाली आला तेव्हा त्यामागचा चेहरा दिसला. वणांनी भरलेला. तो हसत होता. फार दिवसांनी आपलं माणूस भेटल्यासारखा तो आनंदाने हसत होता, आणि त्याने गडग्यावरून पाय टाकला.

शैलजा या घराण्यात जन्मलेली नव्हती. तरी तो तिच्याकडे येत होता. तिच्या मागे नैनाने तिचा कुर्ता मुठीत धरला होता. या मुलीचा बाप गेला, आजी गेली...

"अजून नाही," ती म्हणाली. आपण कोणत्या भाषेत बोलतोय हे तिच्या ध्यानातही आलं नाही. "लहान आहे हो ती. तिला दुसरं कोणी नाही. अजून नाही..."

तो थांबला. एक पाय अलीकडे, एक पलीकडे. त्याने नैनाकडे पाहिलं, बराच वेळ. ओठ हलले, आवाज आला नाही. मग त्याने अलीकडचा पाय मागे घेतला आणि तो गडग्यावर बसला. हात गुडघ्यांवर ठेवून. ज्याला थांबायची सवय आहे, असा माणूस बसतो तसा.

शैलजाने नैनाला उचललं आणि ती गाडीपर्यंत धावली.

सनीव्हेलला परतल्यावर तिने सगळ्या तपासण्या करून घेतल्या. रक्त, हृदय, स्कॅन, जे जे सुचलं ते. डॉक्टर म्हणाली, तुमची तब्येत उत्तम आहे. मग तिने शिकागोला भावाला, निमिषला फोन केला. तो तिकडे डेव्हन ॲव्हेन्यूच्या, म्हणजे देशी दुकानांच्या रस्त्याच्या जवळ राहायचा.

"मला काही झालं तर नैनाला तू सांभाळशील?"

"ताई, काय झालंय तुला? रिपोर्ट नॉर्मल आहेत ना, यार?"

"नॉर्मल आहेत. सांभाळशील का, ते सांग."

"हे काय विचारणं झालं? अर्थात सांभाळीन."

घर तिने विकून टाकलं. एका तरुण जोडप्याने घेतलं, चांगली माणसं होती. दफनभूमी राखू म्हणाली, झेंडा लावू म्हणाली. उन्हाळा गेला, पानगळ गेली. नैना तिसरीत गेली. शैलजा पुन्हा रोज कामाला जाऊ लागली, कधीकधी हसूही लागली.

जानेवारीत नव्या मालकाचा फोन आला. पाण्याच्या नळाचं काहीतरी विचारायचं होतं. ते झाल्यावर तो सहज म्हणाला, "एक गंमत सांगू? इथे दोन फूट बर्फ पडलाय. सगळा गडगा गाडला गेलाय, पण एका जागी बर्फ धरतच नाही. एक माणूस बसेल एवढीच जागा. आधी थडग्यांपाशी होती. आता तिथे बर्फ आहे, आणि ती जागा इकडे घरापुढच्या फाटकापाशी आली आहे."

समोर नैना जमिनीवर पालथी पडून चित्र रंगवत होती.

"हॅलो? आहात ना?"

"फाटकाच्या कुठल्या बाजूला?" तिने विचारलं.

"बाहेरच्या," तो म्हणाला. "रस्त्याच्या."