उजव्या कानामागचा मोगरा

"अहो, जरा बाजूला व्हा ना! माझी होडी झाकलीत!"

बिझर्त गावच्या जुन्या बंदरावर कोवळं ऊन पसरलं होतं आणि दोर्साफच्या कॅमेऱ्यापुढे एक उंचापुरा तरुण खुशाल उभा होता. हलला तर नाहीच, वर तिच्याकडे बघून हसला.

"तुम्ही दोर्साफ ना? ग्रुपवर माझ्या फोटोखाली तुम्हीच लिहिलंत — समुद्र एका बाजूला कलंडलाय, मासे सांडतील!"

"म्हणजे... तो समुद्र तुमचा?"

"माझाच. मी स्कंदर. कोपऱ्यावरचं औषधाचं दुकान माझं." त्यानं फोन पुढे केला. "माझ्या आईनंसुद्धा वाचलं ते. चारचौघांत अब्रू घालवलीत, आता शिकवा!"

बंदराच्या फोटोंच्या ग्रुपवर अख्खं गाव होतं आणि दोर्साफच्या शेऱ्यांना भलेभले टरकून असत. हा बाबा मात्र हक्कानं शिकवणी मागत होता. खरं सांगायचं तर, तिला ते आवडलं.

मग रोज सकाळी, दुकान उघडायच्या आधी, दोघं धक्क्यावर. चार दिवसांत 'अहो'चं 'अरे' झालं.

"आधी मागचं बघ," ती दटावायची. "चेहरा काय, कुणीही बघतं. फोटो बिघडतो तो मागच्या पसाऱ्यानं!"

तो भराभर शिकला. त्यानं टिपलेल्या होड्या ग्रुपवर लोकांना आवडू लागल्या. आणि कॅमेरा देता-घेता त्याची बोटं तिच्या बोटांपाशी... जरा जास्तच रेंगाळू लागली. तिचं काळीज धडधडायचं.

बाई, आवर स्वतःला, ती मनाला बजावायची. कारण ग्रुपवरच्या त्याच्या नावाशेजारचा सेल्फी तिनं पाहिला होता. धक्का, संध्याकाळ, आणि उजव्या कानामागे मोगऱ्याची जुडी! उन्हाळ्यात संध्याकाळी इथले पुरुष मोगरा खोवतातच. पण डाव्या कानामागे म्हणजे गडी मोकळा आणि उजव्या कानामागे म्हणजे कुणाचातरी झालेला, हे बिझर्तमधलं शेंबडं पोरही सांगेल.

मनात ठेवून कुढणं दोर्साफच्या रक्तातच नव्हतं. एका संध्याकाळी तिनं त्याला धक्क्यावर बोलावलं. शिकवणी बंद, असं तोंडावर सांगायचं आणि मोकळं व्हायचं.

स्कंदर आला. इस्त्रीचा शर्ट, आणि मोगरा... डाव्या कानामागे.

"लाज नाही वाटत?" ती कडाडली. "ती बिचारी तिकडे, आणि तू इकडे कान बदलून फिरतोस?"

"कोण बिचारी?"

"तुझी! जिच्यासाठी उजवीकडे खोवतोस, ती!" तिनं त्याचा सेल्फी त्याच्या नाकासमोर धरला.

त्यानं पाहिलं. मग फोटोत मागे दिसणाऱ्या दुकानाच्या पाटीवर बोट ठेवलं. "बाईसाहेब, एवढं वाचून दाखवता?"

ती वाचायला गेली... आणि तिनं फोन डोळ्यांजवळ नेला. पाटीवरची सगळी अक्षरं उलटी, आरशात दिसावीत तशी! फोननं डाव्याचं उजवं करून ठेवलं होतं.

"आधी मागचं बघ," तो अगदी तिच्याच सुरात म्हणाला.

"अगं बाई!" ती हसत सुटली. "आणि मी रोज बघत होते रे हा फोटो!"

"रोज?"

"हो, रोज! त्यात लपवायचं काय? आवडतोस तू मला."

"मी... मी तेच विचारायला आलो होतो," तो पुटपुटला. "तू आधी ओरडलीस."

दोर्साफनं टाचा उंचावल्या, त्याच्या डाव्या कानामागचा मोगरा काढला आणि उजव्या कानामागे नीट खोवला. मग मागे सरून कॅमेरा उचलला. "हलू नकोस!"

"मागचं बघितलंस?"

"बघितलं. समुद्र सरळ आहे, पाटी सुलटी आहे."

तिनं फोटो तिथूनच ग्रुपवर टाकला. खाली पहिला शेरा त्याच्या आईचा आला: "रविवारी माशांचा कुसकुस करतेय. पोरी, तू पण जेवायला ये."