एक फूट कमी

हसायचं असेल त्यानं आत्ताच हसून घ्यावं, मध्ये मला तोडायचं नाही. आणि तो फोन खिशात ठेव रे. माझ्या साडूची गोष्ट आहे, ऐकीव नाही.

साडूला दोनेक वर्षांपूर्वी स्वस्तात घरं घ्यायचा नाद लागला. अडलेला माणूस हेरायचा, भाव पाडायचा, रंग मारून विकायचं. त्याची एक युक्ती होती. खोली मोजताना टेपचं टोक भिंतीला लावायचंच नाही, फूटभर अलीकडे पायाखाली दाबायचं. "साडूभाऊ, लोक आकडा बघतात. टोक कोण बघतो?" असं मलाच फुशारकीनं सांगायचा. मेल्याला लाज नाही.

तर एका गवंड्याची विधवा घर विकत होती. घर गवंड्यानं स्वतः बांधलेलं. बाईंना त्या पैशांत लेकीच्या शेजारी एक खोली घ्यायची होती, बाकी काही नको. साडूला म्हणाल्या, "भाऊ, पुढची खोली बारा फूट आहे. ह्यांच्या हातचं सूतभरही इकडचं तिकडे व्हायचं नाही." लेक परगावी. तिनं सांगितलं, मोजतानाचा व्हिडिओ पाठवा.

गेल्या डिसेंबरातली चौदा तारीख, रविवारची रात्र, साडेनऊचा सुमार. किल्ली घेऊन साडू एकटाच गेला. घराची वीज तोडलेली. त्यानं फोन खिडकीत उभा केला, हातात बॅटरी घेतली, टेपचं टोक विटेखाली दाबलं. भिंतीपासून फूटभर अलीकडे, अंधारात. मग समोरच्या भिंतीपर्यंत टेप नेली आणि मोठ्यानं म्हणाला, "अकरा फूट."

टेप ओढली गेली. हळूच. आकडा सरकून बारावर आला.

मागे जाऊन बघितलं. वीट जागची हललेली नव्हती. टोक मात्र भिंतीला टेकलेलं. त्यानं शिवी हासडली, टोक पुन्हा विटेखाली घातलं, पुन्हा मोजलं. अकरा.

पुन्हा ओढली गेली.

अंधारातून कुणीतरी म्हणालं, "बारा."

दुसरा कुणी असता तर पळाला असता. ह्याला राग आला! हाव अशी असते बघा. ओरडला, "अकरा!"

मग काहीच नाही…

बराच वेळ काही नाही.

टेप ढिली पडली. त्यानं बॅटरी तिकडे फिरवली. टोकावर अंगठा होता. नखात वाळलेलं सिमेंट. अंगठ्यामागे हात… हातामागे काही नव्हतं.

"बरं," आवाज आला. "अकरा तर अकरा. उरलेला फूट तुझ्या घरातून."

फोन उचलून साडूनं धूम ठोकली. टेप तिथंच. दोन दिवस तापानं फणफणला. तुम्हाला वाटेल, सुधारला. कसला! ताप उतरल्यावर पहिल्या 'अकरा'पर्यंतचाच व्हिडिओ कापून पाठवला आणि त्याच हिशेबानं घर घेतलं. बाईंची लेकीजवळची खोली हुकली. आता भावाकडे जिन्याखाली झोपतात.

महिन्याभरानं साडूनं मला बोलावलं. त्याच्या झोपायच्या खोलीत पलंगाच्या पायथ्याशी फूटभर वाट होती, मेहुणी तिथून कपाटाशी जायची. ती वाटच नाहीशी झालेली. पलंग दोन्ही भिंतींत घट्ट अडकलेला. भिंतीला तडा नाही, रंग जुनाच. शेवटी माझ्याच करवतीनं मी पलंगाचा पायथा कापला. निघताना म्हटलं, "बाईंचे पैसे देऊन टाक." म्हणाला, "बघू."

तुम्ही बसलाय ना, ती फळी त्याच पलंगाची. अरे, उठता कशाला? बसा.

परवा त्याचा फोन आला. मला वाटलं, आली अक्कल. विचारलं, "देतोयस ना बाईंचे पैसे?"

 

हळूच म्हणाला, "साडूभाऊ… करवत मिळेल का पुन्हा?"