सात झाडं, एकच रकाना

तळोद्याच्या जीपमध्ये अजित नेमका रविनाच्या कैऱ्यांच्या पोत्यावर बसला, आणि तिनं त्याला सगळ्यांदेखत उठवलं. ओळख झाली ती अशी! ब्राह्मणपुरीचा हा तत्त्वज्ञान शिकलेला पोरगा महिनाभर डोंगरातल्या झाडांची यादी करायला आला होता. आज शेवटचा दिवस. चारच्या जीपनं तो जाणार, आणि अजून बोलला काहीच नव्हता... सकाळपासून रविनाचा जीव थाऱ्यावर नव्हता.

तिच्या घरच्या सात आंब्यांपाशी येऊन त्यानं वही उघडली. "सातही एकच प्रजाती. आंबा. एकच रकाना, झालं!"

"एकच कसे?" ती उसळली. "हा शेंदऱ्या, हा खोबऱ्या... तो रडक्या, दरवर्षी मोहर गाळतो. आमच्यात भावाभावांची वाटणीसुद्धा झाडांच्या नावानं होते."

तो हसला. "जुन्या ग्रीसमध्ये हाच वाद होता. एक गुरू म्हणायचा, खरा आंबा वर कुठंतरी आहे, बिनडागाचा. ही झाडं म्हणजे त्याच्या नकला. त्याचा शिष्य म्हणायचा, छे, आंबेपण या झाडांमध्येच आहे — म्हणून तर कोयीतून आंबाच उगवतो. आणि तिसरा एक खट्याळ... त्याला म्हणे झाड दिसायचं, आंबेपण दिसायचंच नाही!"

"तुम्ही कोणाच्या बाजूचे?"

"मी? शिष्याच्या."

रविनानं ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं. चार वाजायला दहा मिनिटं होती. आता नाही विचारलं तर कधीच नाही!

"म्हणजे मीपण... डोंगरातली एक पोरगी. बाजारात शंभर दिसतात, त्यातलीच. एका रकान्यात मावेन ना?"

त्याचं पेन थांबलं. कान लाल झाले, आणि कॉलेजची मराठी कुठल्या कुठं पळून घरची अहिराणी तोंडात आली.

"तुन्हासारखी दुसरी कोनीच नही शे."

"शिष्याला चालेल का हे?" चिडवायचं ती सोडेना.

"त्याले ऱ्हाऊ दे! मन्हा जीव तुन्हामा गुंतना शे, रविना. महिनाभर सांगू-सांगू म्हनी ऱ्हायनू... तुन्हा बापले इचारू का?"

खाली रस्त्यावर जीपचा हॉर्न वाजला. एकदा, दोनदा. अजित हलला नाही. तिच्याकडेच बघत राहिला. रविनाला हसू आवरेना, रडूही आवरेना. पलीकडच्या झाडावर तिचा बाप आमशा कैऱ्या उतरवत होता. तिनं मान वर केली आणि खणखणीत हाक दिली, "बाबा, उतर खाली! पाहुणे आज थांबणार आहेत."