एक मिनिट चाळीस सेकंद

बाबांना डॉक्टरांनी दीड तास दिला होता. दीड तास म्हणजे अठरा गाणी, खुर्चीत बसून, मध्ये एकदा पाणी. ती अठरा कोणती हे ठरवण्याचं काम मी त्यांच्या चाहत्यांवर सोपवलं. तेव्हा मला ते शहाणपणाचं वाटलं होतं.

माझे वडील विश्राम ओव्हाळ, मुळशीतल्या माले गावचे. खडकीला कारखान्यात फिटर होते आणि पंचाऐंशी सालापासून मराठीत रॉक गात होते. ‘तिसरी पाळी’, ‘भोंगा’, ‘उद्या सुट्टी’ ही गाणी ज्यांना माहीत आहेत त्यांना ती पाठ आहेत. बाकीच्यांनी नावही ऐकलेलं नाही. आई गेल्यावर ते मालेला परतले आणि आजोबांच्या जागेवर दोन खोल्या बांधून राहिले. मी जांब्याला राहते, हिंजवडीतल्या एका कंपनीसाठी यंत्रांच्या माहितीपुस्तिका लिहिते. मालेला जायला गाडीने तास-सव्वा तास लागतो. मी महिन्यातून एकदा जात असे. कधी तेही नाही.

त्यामुळे एकोणसत्तराव्या वर्षी त्यांनी शेवटचा दौरा करायचं ठरवलं तेव्हा सगळी व्यवस्था मी अंगावर घेतली. पाच गावं, पाच कार्यक्रम. पहिला आपल्या मुळशीतच, पौडला, हा त्यांचा हट्ट होता.

चाहत्यांचा व्हॉट्सॲपवर गट होता, दोनशे चौदा जणांचा. मनीष नावाचा माझ्याच वयाचा एक इंजिनिअर तो चालवायचा. मी यादी मागितल्यावर तिथे आठवडाभर नुसती धुमश्चक्री चालली.

“‘भोंगा’ नसेल तर मी येणार नाही.”

“नको येऊ. एक खुर्ची रिकामी मिळेल.”

“‘उद्या सुट्टी’ चौथं घ्या. तोवर दादांचा आवाज तापतो.”

“दादा काय बंब आहेत का?”

मी वाचायचे आणि एकटीच हसायचे. मग नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात कोल्हापूरच्या अण्णासाहेबांनी लिहिलं. हे निवृत्त शिक्षणाधिकारी, गटातले सगळ्यात जुने चाहते, शब्द तोलून वापरणारे. “‘फाटा’ कुणीच कसं सुचवलं नाही? शेवटी तेच हवं.”

या नावाचं गाणं मला माहीत नव्हतं. बाबांच्या सगळ्या कॅसेट, सगळ्या वह्या माझ्याकडे आहेत. पण गटात कुणीही ‘हे कुठलं?’ असं विचारलं नाही. संध्याकाळपर्यंत अकरा जणांनी दुजोरा दिला. दुसऱ्या दिवशी ते यादीत सगळ्यात वर होतं.

मी एकेकाला फोन केला. कुठे ऐकलं, कधी ऐकलं, हे कामाच्या सवयीने तक्त्यात लिहीत गेले. सांगलीच्या शाळेत शिकवणाऱ्या शीतलने ते त्र्याण्णव साली नाट्यगृहात ऐकलं होतं. मनीषने नाशिकला, मोकळ्या मैदानात. कुणी सोलापूरला. गाव आणि साल प्रत्येकाचं वेगळं, बाकी सगळं एकच. दादा बसून गात होते. गाणं शेवटचं होतं. भोवती दिवसासारखा उजेड होता. आणि भाताचा वास येत होता.

“नव्या तांदळाचा,” शीतल म्हणाली. “नाट्यगृहात कुठून येणार, सांगा ना! पण येत होता.”

त्र्याण्णव साली माझे वडील बसून गात नव्हते. ते स्टेजवर एका जागी उभेसुद्धा राहत नसत. हे मला तेव्हाच खटकलं होतं. तक्त्याच्या कडेला मी प्रश्नचिन्ह काढलं आणि पुढच्या फोनला लागले.

रविवारी मालेला गेले. बाबा अंगणात गिटारच्या तारा बदलत होते. त्यांचा स्वयंपाक करणाऱ्या शेजारच्या गोजराबाई सुपात तांदूळ पाखडत होत्या.

“‘फाटा’ कधी लिहिलंत तुम्ही?”

“कसला फाटा?”

मी मनीषने पाठवलेल्या ओळी वाचून दाखवल्या.

*बघ गं, फाट्यावरती कोणी उतरलं का,*
*धूळ उडाली, गाडी गेली, कोणी राहिलं का.*

त्यांनी दोनदा वाचायला लावलं. मग मान हलवली. “माझं न्हाई.”

“एवढे लोक म्हणतात.”

“म्हणू देत. चांगलं हाय. पण माझं न्हाई.”

मी त्यांना पुण्याला स्मरणशक्तीच्या डॉक्टरांकडे नेलं. तपासणी आहे एवढंच सांगितलं, कसली ते नाही. डॉक्टरांनी आजची तारीख विचारली, शंभरातून सात-सात वजा करायला लावले, पाच शब्द दहा मिनिटांनी परत विचारले. बाबांनी सगळं बरोबर सांगितलं. परतताना चांदणी चौकात त्यांनी गाडीची काच खाली केली. मग म्हणाले, “मला विचारलं असतंस तर मीच सांगितलं असतं, गौतमे. मला सगळं आठवतं. हे आठवत न्हाई, कारण हे न्हाईच.”

पुढच्या रविवारी गटातले तीसेक जण मालेला आले. मनीषने सतरंज्या आणल्या होत्या, अण्णासाहेबांनी पेढे. गोजराबाईंनी पातेलंभर पोहे केले. सतरा गाण्यांवर तासभर भांडण झालं. अठराव्यावर एकमत होतं. वाद होता तो फक्त त्यातल्या थांबण्यावर.

“तिसऱ्या कडव्यानंतर दादा थांबतात,” अण्णासाहेब मला समजावत म्हणाले. “एकदम गप्प. वीस-बावीस सेकंद.”

“वीस? अहो अण्णासाहेब, दादा थांबतात तेवढ्यात माझी वेणी सोडून परत घालून झाली असती,” शीतल म्हणाली.

“तुमची वेणी केवढी, मॅडम!”

“गाऊनच बघू ना,” मनीष म्हणाला. “ताई, तुम्ही वेळ लावा.”

मी फोनवरचं घड्याळ उघडलं. ते गायला लागले. वेगवेगळ्या गावांची, वेगवेगळ्या वयाची माणसं, पण चाल एकच होती. ताना, श्वास घ्यायच्या जागासुद्धा. बाबा पायरीवर बसून ऐकत होते. तिसरं कडवं आलं. *मी थांबलो तर तूही थांब, लगेच येऊ नको.* आणि सगळे थांबले.

कुणी कुणाला खूण केली नव्हती. कुणी कुणाकडे बघतही नव्हतं. माना किंचित खाली. पलीकडच्या खाचरात भाताची झोडपणी चालली होती, तिचा आवाज येत राहिला. मग एकाच क्षणी सगळ्यांनी माना वर केल्या. एक मिनिट चाळीस सेकंद.

मी पुन्हा गायला सांगितलं. पुन्हा एक मिनिट चाळीस.

“आणि पुढे?” मी विचारलं.

“पुढे आहे एक कडवं,” शीतल म्हणाली. बाकीच्यांनी मान डोलावली. “अगदी ओठावर आहे. पण येत नाही.”

बाबा उठले. दारात थांबून अण्णासाहेबांना म्हणाले, “चाल झकास आहे. कुणाची?”

सगळे खो-खो हसले. बाबांनी विनोद केला नव्हता. हे तिथे फक्त मला कळलं, आणि मीही हसले.

सगळे गेल्यावर गोजराबाई भांडी घासता घासता म्हणाल्या, “ही मान्सं मगाशी गप का झाली व्हती? कुनी मेल्यावर उभं ऱ्हात्यात तशी?”

मी गाण्यात तसंच आहे म्हणून सांगितलं.

“बसून ऱ्हाईली एवढंच.”

त्या दुपारी माझं आणि बाबांचं भांडण झालं. ते म्हणाले, दुसऱ्याचं गाणं मी माझं म्हणून गाणार नाही. मी म्हणाले, दोनशे माणसं खोटं बोलतात का? खोटं नसतील बोलत, ते म्हणाले, पण मी गायलो नाही. तेव्हा मी म्हणाले, “आईचा शेवटचा वाढदिवस तरी कुठे आठवत होता तुम्हाला?”

त्या दिवशी ते औरंगाबादला होते. आईने फोनची वाट पाहिली होती. आम्ही दोघांनीही याआधी हा विषय कधी काढला नव्हता.

ते बराच वेळ हातातली पिक बोटांत फिरवत राहिले. गिटारची तार छेडायची ती तिकोनी प्लास्टिकची चकती. घरात सगळीकडे पडलेली असायची. मग म्हणाले, “बरं. शिकवा म्हणावं मला.”

मनीषने चाल रेकॉर्ड करून पाठवली. बाबा रोज दुपारी बसून ती घोटायचे. आठ दिवसांनी त्यांचा फोन आला. आवाज नेहमीचाच होता.

“गौतमे, आता मला सांगलीचं आठवायला लागलंय. त्र्याण्णवचं.”

“बघा! मी म्हणत नव्हते?”

“व्हय,” ते म्हणाले. “पण ही आठवण माझी न्हाई. मी लोकांत बसलोय, आणि समोर मीच गातोय.”

मी त्यांना म्हणाले की दौऱ्याचा ताण आहे, दुपारी झोपत जा.

सहा डिसेंबरला आमच्या घरात कार्यक्रम होत नाही, म्हणून पंधरा तारखेचा रविवार ठरला. पौडबाहेरचं मंगल कार्यालय, दुपारी चार वाजता, म्हणजे लांबून आलेल्यांना जेवून रात्रीच्या गाड्या पकडता याव्यात. आदल्या दिवशीच्या लग्नाची झेंडूची तोरणं तशीच होती. स्टेजवर ठेवायला साधी खुर्ची मिळेना, तेव्हा तिथल्या माणसाने नवरदेवाची लाल मखमली खुर्ची पुढे केली. बाबा तिच्यात टेकून बघत म्हणाले, “दुसऱ्यांदा बसतोय. तुझ्या आईला आवडायचं न्हाई.”

गाण्यांची यादी मी स्वतःच्या अक्षरात लिहून त्यांच्या पायाशी चिकटवली होती. अठराव्या ओळीत: *फाटा. तिसऱ्या कडव्यानंतर थांबणे. १ मि. ४० से.*

खिडक्या मोठ्या होत्या आणि त्यांना पडदे नव्हते. सगळा हॉल उन्हाने भरलेला होता. हे मला त्या वेळी नुसतं छान वाटलं.

‘भोंगा’ला लोक उभे राहिले. ‘उद्या सुट्टी’ चौथं झालं आणि आवाज खरंच तापला. इतके बरे मी त्यांना दोन वर्षांत पाहिले नव्हते. सतराव्या गाण्याच्या वेळी मागच्या स्वयंपाकघरात गोजराबाईंनी भाताचं झाकण काढलं असावं. नव्या आंबेमोहोराचा वास हॉलभर पसरला.

पुढच्या रांगेतल्या शीतलने डोळे मिटून घेतले.

वाद्यं थांबली. बाबांनी एकट्याने सुरुवात केली. मी स्टेजच्या कडेला, पडद्याआड उभी होते, त्यांच्यापासून आठ पावलांवर. पहिलं कडवं. दुसरं. तिसरं.

*मी थांबलो तर तूही थांब, लगेच येऊ नको.*

ते थांबले. मी घड्याळ चालू केलं.

मान किंचित खाली. उजवा हात तारांवर.

वीस सेकंद. चारशे माणसांत एक खोकला नाही.

चाळीस. त्यांच्या बोटांतून पिक पडली. लाकडी फळीवर तिचा आवाज झाला. मी ती पडताना पाहिली. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. मी पाहिलं, आणि मनात म्हटलं, अजून एक मिनिट आहे.

एक मिनिट. पंखे फिरत होते.

एक मिनिट वीस. समोरच्या सगळ्या माना खाली होत्या.

एक मिनिट चाळीस.

सगळ्या माना वर आल्या. बाबांची आली नाही.

तरीही मी बारा सेकंद थांबले.

पौडच्या दवाखान्यातले डॉक्टर तरुण होते. ते म्हणाले, “लगेच, म्हणजे पहिल्या मिनिटात जर...” आणि माझ्याकडे बघून त्यांनी वाक्य सोडून दिलं.

मालेच्या घरी लोक भेटायला येत राहिले. पाचव्या दिवशी अण्णासाहेब आले. खूप रडले. मग डोळे पुसून म्हणाले, “एक समाधान आहे, ताई. पुरं करून गेले. शेवटचं कडवं काय म्हटलं त्यांनी!”

“म्हटलं नाही,” मी म्हणाले. “ते तिसऱ्यानंतर गेले.”

त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला.

शीतलही तेच म्हणाली. मग सोलापूरचे दोघे. चौथं कडवं आता सगळ्यांना येतं. गटात रोज कुणी ना कुणी ते लिहितं, शब्दाचाही फरक नसतो. मी मनीषकडून त्या दिवसाचं रेकॉर्डिंग मागवलं. त्यात गाणं आहे, पिक पडल्याचा बारीक आवाज आहे, पंख्यांची घरघर आहे आणि एक मिनिट बावन्न सेकंदांनी माझी हाक आहे. मी ते मनीषसमोर लावलं. तो शेवटपर्यंत ऐकत होता. मग डोळे पुसत म्हणाला, “बघितलंत? काय सुंदर म्हटलंय.”

खरं सांगायचं तर मला या सगळ्यांचा हेवा वाटला. ते म्हणतात तसं घडलं असेल तर त्या चाळिसाव्या सेकंदाला काहीच अर्थ उरत नाही. बाबा गात राहिले असतील तर मी कुणाला मरू दिलेलं नाही.

काल दुपारी गोजराबाईंसाठी चहा गाळत होते, आणि मला आठवलं. बाबांचा आवाज, खिडक्यांमधून येणारं ऊन, चौथं कडवं. बाबा ते पूर्ण गातात. शेवटचा सूर लांबवतात. मग हात जोडतात, आणि डावीकडे वळून पडद्याच्या दिशेने बघतात, कुणीतरी येईल म्हणून. खूप वेळ बघतात.

मी तिथेच उभी आहे. त्या आठवणीत मी शेवटपर्यंत जागची हलत नाही.