पुलाखालची शिट्टी

पैज मीच लावली आणि तीखोन येड्यासारखा हो म्हणाला. मागच्या तेरा जानेवारीची रात्र, जुन्या पंचांगातल्या नववर्षाची. फेद्का, पांघरुणातून डोकं बाहेर काढ, नाहीतर अर्धंच ऐकशील आणि उद्या भलतंच सांगत फिरशील.

तर इथंच, बॅले शाळेच्या होस्टेलात, आम्ही कणकेच्या पारीत खिमा भरून पेल्मेनी उकडले होते. एकात मी खिम्याऐवजी मिरी ठासली. ज्याच्या दाताखाली मिरी येईल त्यानं आत्ताच्या आत्ता थिएटरात जायचं, पुलावर चढायचं आणि शिट्टी वाजवायची. वाढायला मीच होतो, मग मिरी कुणाच्या ताटात जाणार? तीखोन खोकून खोकून लाल.

"एवढंच ना?" डोळे पुसत म्हणतो. "शिट्टीच ना? म्हणशील तर भोंगा वाजवतो."

तुम्ही बारके नवीन आहात म्हणून सांगतो. थिएटरात शिव्या चालतात, शिट्टी नाही, अपशकुन मानतात. ग्लेब अर्कादिचच्या तासाला कुणी वाजवलीच, तर तो कान धरून बर्फात उभा करतो. बाकीचे मास्तर नुसते ओरडतात. हा पांढराफटक पडतो.

पूल म्हणजे त्या बॅलेतला. नववीत जी जाडजूड कादंबरी आपल्या डोक्यात घालतात, तिच्यावरून केलेला. नवरा हाकलतो, प्रियकर पळतो, आणि ती शेवटी पुलावरून नदीत उडी घेते. बायका रुमाल भिजवून घरी जातात. नऊ वर्षांपूर्वी ते काम रिम्मा ओबुखोवा करायची. पुलाखाली अंधारात तिच्यासाठी गाद्या सरकवायचे माझे आजोबा, पाखोम.

गाद्या आधीपासून टाकता येत नाहीत. नाचणारी पोरं शेवटपर्यंत त्याच वाटेनं बाहेर पडत असतात. ती गेली की म्हातारा गाद्या ओढणार, मधोमध खडूनं क्रूस काढणार, पोरीच्या पाठीला देवाचा हात लागावा म्हणून, आणि हळूच शिट्टी देणार. एक आखूड, एक लांब. तेवढ्यापुरता वाद्यवृंद गप्प असतो. शिट्टी आली की रिम्मानं उडी घ्यायची. अख्ख्या थिएटरात शिट्टीची परवानगी एकट्या त्यांना. म्हणून तर तिचा भरवसा होता.

एका खेळाच्या रात्री शिट्टी आधीच वाजली.

तिनं उडी घेतली. खाली नुसत्या फळ्या.

मग काय? पेपरात आलं, बिचारी भूमिकेत फार शिरली होती. शिरली होती म्हणे! तिनं संध्याकाळी आईला फोन करून सांगितलं होतं, सूप गरम ठेव, येतेच. चौकशी झाली. "इथं तुमच्याशिवाय कोण शिट्टी वाजवतं, पाखोम?" आजोबा म्हणाले, "मी नाही वाजवली. गाद्या अजून माझ्या हातात होत्या." कुणी ऐकलं नाही. हाकललं. मी सात वर्षांचा होतो. दुकानात बायका माझ्या आजीला रांगेतून बाजूला करायच्या, खुन्याची बायको म्हणून. दुसऱ्या हिवाळ्यात म्हातारा गेला. मरतानासुद्धा एकच, मी नाही वाजवली.

हसू नकोस फेद्का. दात पाडीन.

तर आम्ही दोघं होस्टेल आणि थिएटराच्या मधल्या बोळानं आत शिरलो. राखणीची बाई टीव्हीपुढं घोरत होती. दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच खेळ, म्हणून पूल उभाच होता. मी मोबाइलचा उजेड धरून पुलाखाली गेलो. नीट बघितलं. फळ्या. धूळ. बाकी काही नाही. गाद्या कोठीत, कोठीला कुलूप, किल्ली ग्लेब अर्कादिचच्या खिशात. हे लक्षात ठेवा.

मी बाजूच्या पडद्याआड आलो. तीखोन वर चढला.

"वाजवू का रे?"

"मग काय नाचून दाखवतोस?"

त्यानं वाजवली. नुसती फुस्सदिशी, ओठ वाळले होते त्याचे.

मग काहीच नाही.

"झालं!" तो म्हणाला. "उद्याचे तुझे सगळे पेल्मेनी मा..."

खालून शिट्टी आली.

एक आखूड. एक लांब.

मी नव्हतो. आईशप्पथ मी नव्हतो. मला ती शिट्टी माहीत आहे. आजोबा मला जेवायला तशीच बोलवायचे...

"गेन्का, गंमत पुरे," वरून तीखोन. आवाज पातळ झालेला.

मी मोबाइलचा उजेड माझ्याच मिटलेल्या तोंडावर धरला.

पुन्हा. एक आखूड...

तो पळायला वळला. कठडा वाजला. पाय सटकला.

किंकाळी नाही. काहीच नाही.

मग धप्. मऊ.

तेवढ्यात मागून बॅटरीचा झोत. ग्लेब अर्कादिच. कोट चुकीच्या बटणांत अडकवलेला, तोंडाला व्होडकाचा वास. "कोणी वाजवली? कोणी वाजवली शिट्टी?" असं ओरडत आला आणि पुलाखाली झोत टाकला.

तीखोन गाद्यांवर उताणा पडला होता. जिवंत. डोळे टक्क उघडे.

गाद्यांवर.

ग्लेब अर्कादिचनं खिसा चाचपला. किल्ली काढली. किल्लीकडं बघत राहिला. तीखोन उठून बसला, तेव्हा त्याच्या पाठीखाली खडूचा क्रूस. अर्धा पुसलेला. उरलेला अर्धा त्याच्या शर्टावर.

"खेळ संपल्यावर मीच कुलूप लावलं होतं," ग्लेब अर्कादिच म्हणाला. कुणाला म्हणाला, कोण जाणे. मग गुडघ्यावर बसला. बोट लावलं त्या खडूला. बोट पांढरं झालं.

"पैज होती," तो म्हणाला. "रिम्माच्या खेळात आम्ही पोरं मागच्या रांगेत नाचायचो. सगळे म्हणाले, चालू खेळात शिट्टी वाजवायची तुझ्यात हिंमत नाही. मला काय ठाऊक, ती त्याच खुणेवर..."

मी त्याच्यापुढं जाऊन उभा राहिलो.

"माझ्या आजीला रांगेतून काढायचे," मी म्हटलं. "तुम्ही त्याच रांगेत असायचात."

तो खडू लागलेलं बोट कोटाला पुसायला लागला.

"मोठ्यानं बोला, ग्लेब अर्कादिच. पुलाकडं तोंड करून. तिथं ऐकणारं माणूस आहे."

मग तो उठला. तोंड वर केलं. आणि रिकाम्या थिएटरात सगळीकडे घुमेल असा ओरडला,

"पाखोम, तुम्ही नाही वाजवली! मी वाजवली!"