मुंबईच्या वेळेचा चंद्र

त्या दिवशी माझी संकष्टी होती आणि दिल्लीची करवा चौथ. दोन्ही दरवर्षी एकाच दिवशी येतात. दिल्लीत आमच्या मुनिरक्यातल्या गच्च्यागच्च्यांवर लाल साड्या, मेंदीचे हात, चाळण्या... "निकल आया, निकल आया!" असा गलका झाला, नवऱ्यांनी पाणी पाजलं आणि बघता बघता सगळ्या गच्च्या रिकाम्या झाल्या. मी एकटीच उरले. हातात अर्घ्याचा तांब्या, दूर्वांची वाटी.

"पतिदेव आले नाहीत अजून?"

पाण्याच्या टाकीमागून आवाज आला. मराठीत! मी दचकले, तांब्यातलं पाणी माझ्याच पायावर सांडलं.

"घाबरू नका. जिन्यात आईशी फोनवर बोलताना ऐकलंय तुम्हाला. खालीच राहतो मी."

"मला नवरा नाही," मी हळूच म्हटलं. "माझी संकष्टी आहे. चंद्र उगवायचाय."

"अच्छा? तो तर अर्धा तास झाला येऊन."

तो बाजूला सरकला. टाकीच्या कडेला, धुरकट आभाळात, न घासलेल्या पितळी ताटलीसारखा चंद्र होता.

"पण कॅलेंडरात आठ एकतीस..."

त्याने फोनवर काहीतरी पाहिलं. "ती मुंबईची वेळ. दिल्लीत सात चोपन्न."

तीन वर्षं! केंद्र सरकारच्या अनुवाद विभागात लागले तेव्हापासून आई साताऱ्याहून कॅलेंडर पाठवायची आणि मी त्यातली वेळ पाळायची.

"मला वाटायचं, शेजारणींनाच घाई असते," मी म्हटलं.

तो मनापासून हसला. "म्हणजे मुंबईच्या चंद्रावर दिल्लीत उपास तोडत होतात?"

"तोडत नाहीत. सोडतात."

"सॉरी. गाझियाबादचं मराठी आहे, सांभाळून घ्या."

त्याचं नाव सुधन्वा. स्ट्रिंग थिअरीवर, म्हणजे सगळं जग अतिसूक्ष्म तारांचं बनलंय असं मानणाऱ्या सिद्धांतावर, संशोधन करायचा. त्या दिवसापासून जिन्यात भेटला की विचारायचा, "देवयानीजी, आज कोणतं व्रत?" आणि मी खाली बघून म्हणायचे, "आज काही नाही," तरी दोन पायऱ्या सावकाश उतरायचे.

माझ्या खोलीत एक ताट, एक पेला, एक निरांजन. सकाळी अथर्वशीर्ष, सोमवारी बेलाचं पान. नेमाने दिवस भरतो. संध्याकाळ मात्र भरत नाही... ती कशी भरायची, ते मला माहीतच नव्हतं.

पुढच्या संकष्टीला त्याने कागदावर लिहून दिलं – सात बेचाळीस. समोरच्या इमारतींची आठ मिनिटं जास्त धरून. आम्ही टाकीपाशी उभे राहिलो. सात बेचाळीसला समोरच्या कठड्यावर चंद्राची पिवळट कड उगवली. माझ्या अंगावर काटा आला.

अर्घ्य दिलं, त्याला मोदक दिला आणि विचारलं, "चंद्राचं इतकं नेमकं सांगता. मग तुमच्या त्या तारांचं का नाही सांगता येत?"

तो मोदक खाता खाता थांबला.

"त्या इतक्या बारीक आहेत, की बघायला आकाशगंगेएवढं यंत्र लागेल. पण गणित... गणित सुंदर आहे. गुरुत्वाकर्षण आणि अणूंच्या आतलं जग, ज्यांचं एरवी पटत नाही, ती दोघं त्यात एका घरात नांदतात. यार, ते खोटं कसं असेल?" मग आवाज खाली आला. "परवा सेमिनारमध्ये एक सर म्हणाले, कशानेही खोटं ठरू शकत नाही ते विज्ञान नाही, ती श्रद्धा. सगळे हसले."

"श्रद्धा म्हटल्यावर हसण्यासारखं काय आहे त्यात?"

त्याने जीभ चावली. "तसं नाही..."

"मी कुठे म्हणते माझा बाप्पा विज्ञान आहे? मी नुसती त्याच्यापाशी बसते. तुम्ही विज्ञान म्हणवून घेता, तर परीक्षा तुम्हाला द्यावी लागणार."

"आणि परीक्षेचा हॉलच अजून बांधलेला नसला तर?"

"तर म्हणायचं, पेपर व्हायचाय. पास झालो, असं नाही म्हणायचं."

तो माझ्याकडे बघतच राहिला. इतका वेळ, की मी पदर नसलेल्या खांद्यावरून पदर सावरला.

"मुंबईच्या एका संस्थेत इंटरव्ह्यू आहे माझा. ही लाइन तिथे वापरू?"

"बिल्कुल," मी म्हटलं. त्याचंच हिंदी वळण माझ्या तोंडात आलं होतं.

मुंबईत त्याला विचारलंच, ही थिअरी विज्ञान म्हणून मान्य करावी का? त्याने माझं वाक्य सांगितलं. दोन वर्षांसाठी त्याची निवड झाली. माझ्याच वाक्याने त्याला माझ्यापासून नेलं.

निघताना बॅग खाली ठेवून तो माझ्या दारात घुटमळला. "तुम्ही काही म्हणणार होतात?"

नाही, असंच म्हणणार होते. मग वाटलं – मनातलं कधी बोललेच नाही, तर ते खोटंही ठरणार नाही. सुंदर राहील, माझ्या गणितात. पण खरं कधी ठरेल?

"एक भाकीत आहे," मी म्हटलं. "पुढच्या संकष्टीला, चंद्रोदय झाला की तुम्ही मला फोन कराल. नाही केलात, तर माझं एक म्हणणं खोटं."

"कोणतं म्हणणं?"

"फोन आला तर सांगेन."

तो हसला नाही. "चंद्रोदयाला," एवढंच पुटपुटला आणि जिना उतरला.

त्या संकष्टीला दिल्लीत थंडी कडाक्याची होती. आठ सत्तावीस. मी अर्घ्य दिलं. फोन गप्प. आठ चाळीस. खाली येऊन नैवेद्य दाखवला. पावणेनऊ. एका ताटात वाढून घेतलं. डोळे भरून आले, पण लाज वाटली नाही. विचारायला घाबरले नव्हते ना... उत्तर नाही आलं, इतकंच. बाप्पाला म्हटलं, "तू साक्षी आहेस. मी पेपर दिला."

मोदक मोडला, कोमट होता. ताट उचलून धुतलं, पालथं घातलं. हात पुसता पुसता फोन वाजला. भिंतीवर आईचं कॅलेंडर होतं. संकष्टीच्या चौकोनात छापलं होतं – चंद्रोदय नऊ वाजून दोन मिनिटं.

"देवयानी," तो धापा टाकत होता, "आत्ता आला बघ चंद्र! इथे गच्चीला कुलूप होतं, रस्त्यावर धावत आलोय. तुझ्या कॅलेंडरात एका मिनिटाची चूक नाही."

मला हसू येईना, रडूही येईना. चौदाशे किलोमीटर, पस्तीस मिनिटं... आणि पलीकडे कुणीतरी माझा चंद्र बघत उभं.

"हॅलो? आहेस ना? सांग आता. कोणतं म्हणणं?"

खोलीत मी एकटीच होते. पालथं ताट पुन्हा सुलटं केलं, शेजारी वाटीत एक मोदक काढून ठेवला, आणि सांगितलं.